मास्तर हरवलेत

छपराखालच्या त्या जुन्या बाजारात फोनला रेंज म्हणून कधी मिळाली नाही. त्यावर दुकानदारांनी ब्लूटूथवर चालणारी आपली सोय शोधली होती. एकाने निरोप टाकला की तो शेजारच्या फोनवर, तिथून पलीकडच्या, असा हातोहात सरकायचा आणि थोड्या वेळाने आपोआप पुसला जायचा. चहा आला, नळ गेला, मधल्या गल्लीत तेल सांडलंय, बेतानं या. दुकानं विरळ असतील तिथे निरोप अडायचा. मग जो रिकामा असेल त्याने फोन खिशात टाकून तिकडे फेरी मारायची, असा बाजाराचा शिरस्ता. उखाळ्यापाखाळ्याही याच वाटेने फिरत, ते सोडा.

त्या संध्याकाळी बटणवाल्या काकूंनी वळून पाहिलं, तर मास्तरांचं स्टूल रिकामं! मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला, आता मात्र सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, कधीकधी बायकोसुद्धा. दिवे लागले की मालाचे ट्रक आत शिरत, आणि ते काही कोणाला बघून चालत नसत. त्यांनी लगेच निरोप टाकला: "आमचे मास्तर हरवलेत. निळा सदरा, जाड चष्मा. दिसले तर बटणांच्या दुकानात आणा."

सगळा बाजार कामाला लागला. जिन्याखाली नाहीत. फाटकावर नाहीत. फोन वाजे तसा काकूंचा जीव खालीवर होई.

पहिला ट्रक आत आला, तेवढ्यात एक हमाल मास्तरांना दंडाला धरून घेऊन आला.

"काकू, मागच्या गोदामाकडे होते. तिथवर निरोप पोचतो कुठला? पण हेच फोन खिशात टाकून तो घेऊन आले की! वर मलाच दटावतात, उभा काय राहिलास, तो म्हातारा ट्रकखाली येईल, शोधायला चल!"

काकूंना हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. मास्तर गडबडले.

"रडू नका हो बाई. मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घालतो. सापडतील तुमचे."

ते 'बाई' काकूंना फार लागलं. पण त्यांनी डोळे पुसले आणि निरोप टाकला, "सापडले." मास्तरांचा फोन वाजला. डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, सापडले! बरं, मी निघतो. घरी आमची ही काळजी करत बसली असेल."

"थांबा, मीही तिकडेच निघालेय," काकू म्हणाल्या, आणि दुकान तसंच उघडं टाकून त्यांनी मास्तरांचा हात धरला.