परशराम खानावळ, बेळगुंदी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. पण सकाळी सहाला म्हशीची धार काढायला बसलोय, फोन वाजतोय, आणि पलीकडनं कोणतरी इचारतंय, मटण ताट केवढ्याला? तुम्ही काय केलं असतं? मी म्हंटलं, म्हशीला इचारून सांगतो.

मी परशराम. बेळगुंदीत माझी शेती हाय, चार म्हशी हायत, घर हाय. खानावळ न्हाय. बापजन्मात कधी नव्हती. पण इंटरनेटवर हाय. 'परशराम खानावळ', खाली माझा नंबर, घराचा फोटो, फोटोत दोरीवर वाळत घातलेली माझी बंडी, आणि साडेचार तारे.

हे झालं गेल्या सालच्या यात्रेत. यात्रेच्या जेवणाचं आवतण द्यायचं म्हंजे पाहुण्यांच्या दारात जाऊन, कुंकू लावून, तोंडानं सांगायचं, ही आमच्याकडची रीत. पाहुणे पार खानापूरपासनं निपाणीपतोर. गेल्या साली मला आला कंटाळा. लेक ऋतिका बेळगावात कंपनीत कामाला हाय. तिनं मोबाईलच्या नकाशावर आमच्या घराला खूण केली, 'परशराम आप्पा, यात्रेचं जेवण' असं नाव दिलं, नंबर घातला, म्हंजे गल्लीत कोण चुकायला नको. ती लिंक मी सगळ्यांना धाडली आणि खाटेवर पाय पसरले.

पाहुणे आले, पोटभर जेवले. जाताना मोबाईलनं त्यांना इचारलं, जागा कशी वाटली? भली माणसं ती, पाच-पाच तारे देऊन मोकळी झाली. रस्सा एक नंबर. वाढणारे प्रेमळ, नको म्हंटलं तरी वाढतात. एकानं तर लिहिलं, पैसे घेत न्हाईत. मग कुठल्या कुठल्या ऑनलाईन डिरेक्टऱ्यांनी ते उचललं आणि मला हॉटेलवाला करून टाकला. गोव्याला जाणारी गाडी गल्लीत वळली की मी दार लावून घ्यायचो.

नंबर बदला, असं माझी बायको मंगल दिवसातनं दहादा म्हणायची. बदललाच असता. पण माझी थोरली बहीण, सत्यवती आक्का, निपाणीला दिलेली, त्या यात्रेपासनं माझ्याशी बोलत न्हाय. यात्रेला आली न्हाय, नंतर माझा फोनबी उचलला न्हाय. आई गेल्यावर मला तिनं वाढवलंय. उद्या तिचा राग निवळला, तिनं फोन लावला आणि हा नंबर बंद लागला, तर? एवढ्या एका फोनसाठी मी साऱ्या दुनियेला मटण नाकारत बसलोतो. मग तुम्हीच जावा की निपाणीला, असं मंगल म्हणायची. मी का जाऊ? मी लिंक धाडलती.

शेवटी यंदाच्या यात्रेला आठ दिवस राहिले आणि मी ऋतिकाला म्हंटलं, नंबर ठेवायचा, पण इंटरनेटवरनं माझं नाव पुसून काढ. त्याच रविवारी दोघं बसलो. पहिल्या डिरेक्टरीनं कारण मागितलं. मी जे सांगितलं ते पोरीनं लिहिलं न्हाय, 'चुकीची माहिती' एवढंच लिहिलं. दुसरीवाल्यांची बाई फोनवर आली आणि नाव काढायचं सोडून वरच्या नंबरात दाखवू का म्हणाली. तिसरीनं सांगितलं, खात्री करायला फोन येईल, त्यात आकडे सांगतील. फोन आला. वर्षाची सवय, मी उचलला, "जेवण न्हाय!" म्हणून ओरडलो आणि ठेवला. ऋतिकानं कपाळावर हात मारला. सगळं पयल्यापासनं करावं लागलं.

राहिला नकाशा. तिथं इचारलं, धंदा कायमचा बंद झाला, का ही जागा इथं न्हायच? दोन्ही खोटं. ऋतिका म्हणाली, पान जाणार म्हंजे त्यावरचं लिहिलेलंबी जाणार, एकदा वाचून तर घ्या. ती वाचत गेली, मी मिशीत हसत गेलो. एके ठिकाणी ती थांबली. मी म्हंटलं, वाच की.

एकच तारा होता. खाली लिहिलंतं, 'रस्सा कसा होता ठावं न्हाय. सख्ख्या भावानं दारात यून सांगितलं न्हाय.' नाव सत्यवती. तारीख यात्रेच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हंजे मी वर्षभर तिच्या फोनची वाट बघत होतो, आणि तिचं बोलणं माझ्याच घराच्या फोटोखाली पडून होतं. साऱ्या गोव्यानं वाचलं असंल, मी वाचलं न्हाय. मला लई लाज वाटली. ऋतिकाला म्हंटलं, पानावरचा नंबर तेवढा काढ, पान राहू दे.

दुसऱ्या दिवशी नारळ आणि कुंकवाची पुडी घेऊन निपाणीला गेलो. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसलीती. तिनं मान वर केली न्हाय. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ पुढं ठेवला.

"आक्का, येत्या सोमवारी यात्रा हाय. जेवायला यायचं."

तिनं आणखी दोन शेंगा फोडल्या. मग दाणे माझ्या हातावर ठेवले.

"खानावळ चालू हाय म्हण की अजून."

"तुझ्या एका ताटापुरती."

सोमवारी आली. तीनदा रस्सा मागून घेतला, मंगलला मीठ कमी पडलंय म्हणून सांगितलं, आणि हात धुऊन कट्ट्यावर बसून पिशवीतनं मोबाईल काढला. चष्मा लावून बराच वेळ बोट फिरवलं. मी मागनं वाकून बघितलं. एकाचे चार तारे झालते.

मला राहवलं न्हाय. इचारलं, एक कशाचा कापलास गं?

"येक वरीस उशिरा आलास, त्येचा," आक्का म्हणाली.