समुद्र गाळणारी चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण माझ्यातून कधी पीठ चाळले गेले नाही की रवा. मी समुद्राचे पाणी गाळत आले. मग तुला गाळणी का म्हणू नये, असे तुम्ही विचाराल. म्हणा हवे तर. आकार मात्र चाळणीचाच आहे. तळहाताएवढे पितळी कडे आणि त्यावर ताणून बसवलेले नायलॉनचे पांढरे कापड. या कापडाची भोके तुम्हाला दिसायची नाहीत. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे चार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढे माझे एक भोक.

क्राइस्टचर्चमधल्या एका लहानशा कारखान्यात मॅविस हॅलेट नावाच्या बाईने मला घडवले. कापड कड्यावर ताणताना ती श्वास रोखून धरी. काम झाल्यावर तिने मला खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, “हिच्यातून पाण्याखेरीज फारसं काही जायचं नाही.” ते ऐकून मी मनात फुशारले. तेव्हा मला समुद्र ठाऊक नव्हता.

विमानातून मी दूर समुद्रातल्या या छोट्या बेटावर आले ती तेपाएरूच्या खोक्यातून. तेपाएरू याच बेटाची लेक. डनेडिनला सहा वर्षे शिकून ती मत्स्य खात्याच्या नोकरीवर परत आली होती. किनाऱ्यावरच्या खात्याच्या शेडमागची एक खोली तिला मिळाली होती. तिथे एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या बरण्या, माझी मोठ्या भोकांची थोरली बहीण आणि मी, एवढाच संसार होता.

ती आली तेव्हा बेटावर कोणी मासा खात नव्हते. समुद्राने वेढलेल्या बेटावर लोक डब्यातले मांस खात होते.

कारण मला हळूहळू कळले. दोन वर्षांपूर्वी चक्रीवादळाने उत्तरेकडची प्रवाळे मोडली होती. त्यानंतर देवळाच्या नव्या छपराची पंगत झाली. तेपाएरूचे काका रोंगो हे बेटावरचे नावाजलेले कोळी. त्यांनी उत्तरेच्या खिंडीतून, म्हणजे प्रवाळांमधल्या पाण्याच्या वाटेतून, मोठा मासा धरून आणला. तो पानावर ठेवून माशा बसतात का ते पाहिले. माशा बसल्या, म्हणजे मासा चांगला, असा त्यांचा वाडवडिलांपासूनचा ठोकताळा होता. पंगतीत एकतीस माणसे आजारी पडली. ओठांना मुंग्या आल्या, पायांतले बळ गेले. माशाचे मानाचे डोके रोंगोकाकांनी आपल्या हाताने बायकोच्या पानात वाढले होते. ती आकाइतीकाकी सगळ्यांत जास्त आजारी पडली. थंड पाण्याला हात लागला की तिला भाजल्यासारखे होई. त्या दिवसापासून रोंगोकाकांच्या हातचा मासा कोणी घेईना, आणि पंचायतीने उत्तरेच्या खिंडीवर रा-उई, म्हणजे बंदी घातली. बंदीची खूण म्हणून खांबाला नारळाच्या झावळ्या बांधल्या गेल्या. धास्तीने लोकांनी दक्षिणेचा मासाही सोडला.

तेपाएरू काकांच्या घरी गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत होते.

“काका, तुमची होडी हवीय. महिन्यातून एकदा, उत्तरेला आणि दक्षिणेला जायचंय.”

“कशाला? मासे धरायला बंदी आहे.”

“शेवाळ आणायला.”

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग म्हणाले, “सहा वर्षं शिकलीस पोरी, आणि शिकून काय आलीस, तर शेवाळ उपटायला? ते काम आमची डुकरंसुद्धा करतील.”

आतून आकाइतीकाकीचा आवाज आला. “जा तिच्याबरोबर. इथे बसून दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत राहिलास, तर मी काही बरी व्हायची नाही.”

काका उठले आणि वल्ही घेऊन बाहेर पडले.

माझे काम असे होते. पाण्याखालचे शेवाळ कापून बरणीत घालायचे, समुद्राच्याच पाण्यात ते जोरजोराने हलवायचे. मग ते गढूळ पाणी आधी थोरल्या बहिणीतून ओतायचे. ती वाळू आणि शेवाळाचे तुकडे अडवी. बाकीचे सगळे माझ्यावर येई. पाणी खाली जाई आणि जे उरे ते माझ्या कापडावर तपकिरी सायीसारखे बसे. मला तिरकी धरून तेपाएरू ते बाटलीत धुऊन घेई.

पहिल्या दिवशी तिने त्यातला एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शक लावला आणि काकांना बोलावले.

“मला तर माझ्याच पापण्या दिसतायत,” काका म्हणाले.

“दुसरा डोळा मिटा. आणि थोडं मागे व्हा.”

काका एकदम स्तब्ध झाले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

“गोल आहे. चपटं, शिंपल्यासारखं. सोनेरी.” त्यांचा आवाज देवळात बोलावे तसा खाली आला होता. “अगं, हे फिरतंय.”

“जिवंत आहे ते. तुमच्या केसाच्या जाडीएवढं असेल.”

“किती आहेत?”

“या थेंबात चाळीसेक. मोडलेल्या प्रवाळावर शेवाळ वाढतं, शेवाळावर हे विषारी जीव वाढतात. लहान मासे शेवाळ कुरतडतात तेव्हा हे पोटात जातात. लहान माशांना मोठा मासा खातो. असे शेकडो मासे खाल्ले की सगळ्यांचं विष त्या एकात साठतं. त्याला स्वतःला काही होत नाही.”

“वास येतो?”

“नाही.”

“चव?”

“नाही. उकळून जात नाही, भाजून जात नाही. बर्फात ठेवलं तरी तसंच राहतं.”

काका स्टुलावर बसले. “चाळीस वर्षं मी शार्कला भीत आलो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “माशा बसल्या होत्या गं त्या माशावर. मी स्वतः बघितलं होतं.”

“माशीला कुठे कळतं, काका? एवढं शिकून मलाही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी माझी फुशारकी कुठच्या कुठे गेली. काही वेळापूर्वी ते सोनेरी जीव माझ्या कापडावर बसले होते. त्यांचे वजन मला जाणवलेही नव्हते. आणि त्यांनीच एका धडधाकट बाईला अंथरुणाला खिळवले होते, अख्ख्या बेटाला समुद्राकडे पाठ फिरवायला लावली होती. मी पाणी पाहात होते, त्यात एवढे काही आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक थेंब माझ्यावर पडताना मी मनातल्या मनात जराशी सावरून बसे.

महिन्यामागून महिने गेले. काका आता स्वतः बुडी मारून शेवाळ कापत. उत्तरेच्या खिंडीतल्या चिमूटभर, म्हणजे ग्रॅमभर शेवाळावर दोन हजार चारशे जीव भरले. दक्षिणेच्या शेवाळावर सात. “सात?” काका हसले. “एवढे तर माझ्या दाढीत सापडतील.” पण तेपाएरू लगेच हुरळली नाही. ती दक्षिणेचे मासेही धरून आणी, त्यांच्या मांसाचे तुकडे गोठवून तपासायला ऑकलंडच्या प्रयोगशाळेकडे पाठवी. “शेवाळ कुठे बघायचं ते सांगतं,” ती म्हणे, “खायचं की नाही ते माशालाच विचारावं लागतं.”

दहाव्या महिन्यात उत्तरेचा आकडा एकदम घसरला. एकशे दहा. अकराव्या महिन्यात तर ऐंशी.

बातमी बेटभर पसरली. पंचायतीचा प्रमुख वाइपो शेडमध्ये आला आणि त्याने तेपाएरूचा हात दोन्ही हातांत घेतला. बंदी उठणार, देवळाच्या अंगणात सगळ्यांची पंगत होणार, असे ठरले. काही जणांनी तर झावळ्या सोडवायच्या आधीच उत्तरेच्या खिंडीतून तीन मोठे मासे धरून बर्फात ठेवले. ती खिंड रोंगोकाकांच्या घराण्याची. ती उघडणे म्हणजे त्यांची अब्रू परत येणे. 

बंदी उठवायच्या सभेच्या दिवशी सकाळी काका खोलीत आले. तेपाएरू कागद आवरत होती.

“तो आकडा पुन्हा काढ,” ते म्हणाले.

“दोन महिने कमीच येतोय, काका.”

“शेवाळ मी कापतो. पहिल्या महिन्यात हाताला जसं बुळबुळीत लागलं होतं, तसंच परवाही लागलं. धुतलं ते पाणीही तसंच तपकिरी होतं. मग ते गेलं कुठे?”

तेपाएरूने हातातले कागद खाली ठेवले. बरण्या पाहिल्या, मापे पाहिली. मग तिने मला उचलले आणि उजेडात धरले. काही दिसले नाही. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि कड्याजवळून सावकाश फिरवू लागली. एका जागी तिचा हात थांबला.

मी फाटले होते, मित्रांनो. ज्या बाजूने मला तिरकी धरून धुतात, नेमकी तिथेच, कड्याच्या ओठाखाली, कापड सुटून दोन-तीन केसांच्या जाडीएवढी चीर पडली होती. ते सोनेरी जीव माझ्या अंगावरून ओघळत तिथे जात आणि मोरीत पडत. दोन महिने मी खोटे बोलत होते आणि मला ते ठाऊक नव्हते.

काकांनी डोळा लावून चीर पाहिली. “हे माझं काम,” ते हळूच म्हणाले. “दोन महिन्यांपूर्वी एकदा साय निघेना म्हणून मी हिला नारळाच्या काथ्याने घासली. हाताला किंचित अडकल्यासारखं झालं. मी म्हटलं, असेल काहीतरी.”

“मी तपासायला हवी होती. दर वेळी तपासायची असते.” तेपाएरूचे डोळे भरले. “मलाही तो आकडा आवडला होता, काका.”

सभेत मला रुमालात गुंडाळून नेले. तेपाएरू उभी राहणार, इतक्यात काका तिच्या आधी उभे राहिले. त्यांनी काथ्यापासून चिरेपर्यंत सगळे सांगितले आणि म्हणाले, “खिंड माझ्या घराण्याची आहे. मीच सांगतो, उघडू नका. ते तीन मासेही कोणी खाऊ नका.”

सभेत गलका झाला. मागून कोणी तरी म्हणाले, “रोंगो, त्या पंगतीतला तुझा मासा आम्ही अजून विसरलो नाही. आता ही तुझी चाळणी.”

“विसरू नका,” काका म्हणाले, आणि खाली बसले.

पंगत रद्द झाली. वाइपो कपाळाला आठ्या घालून बाहेर पडला. त्या तीन माशांचे तुकडे दक्षिणेच्या माशांबरोबर विमानाने ऑकलंडला गेले. पुढचे तीन आठवडे रस्त्यात कोणी काकांशी धड बोलले नाही. आकाइतीकाकी मात्र रोज त्यांना जेवायला वाढताना म्हणे, “खा. खरं बोलून उपाशी राहायची रीत नाही आपल्यात.”

मग फॅक्स आला. वाइपोने तो शेडच्या दारातच उभा राहून वाचला. तीनही मासे विषारी होते. सर्वांत मोठ्यात तर इतके विष होते, की ज्यांच्या ज्यांच्या पानात तो पडला असता, त्यांतले कोणी धड उठले नसते. दक्षिणेकडच्या सगळ्या माशांत एकातही ते सापडले नाही.

वाइपोने फॅक्स घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी रोंगोकाका दक्षिणेच्या पाण्यातून परतले तेव्हा तो किनाऱ्यावर उभा होता. त्याने होडीतले दोन मासे उचलले आणि मुकाट्याने घरी नेले. कितीतरी दिवसांनी काकांच्या हातचा मासा कोणी तरी घेतला होता. मागून आणखी बायामाणसे आली.

आकाइतीकाकीला पुढे पुष्कळ आराम पडला. मासा मात्र तिला कायमचा वर्ज्य झाला. खिंड आणखी चार वर्षे बंद राहिली.

माझ्या जागी नवी चाळणी आली. मी एका खणात पडून राहिले. पितळ काळवंडले, कापड पिवळे झाले. खण साफ करताना एका नव्या कारकुनाने मला कचऱ्याच्या डब्यात टाकलेसुद्धा होते. तेपाएरूने मला बाहेर काढले, पुसले आणि टेबलावर ठेवले.

आता तिचे केस पिकले आहेत. वेगवेगळ्या बेटांवरून मुले-मुली तिच्याकडे हे काम शिकायला येतात. पहिल्या दिवशी ती त्यांच्या हातात मला आणि एक धड चाळणी देते आणि विचारते, “यातली फाटकी कुठली?” मुले आम्हा दोघींना उजेडात धरतात, बोटाने चाचपतात. बहुतेक जण धड चाळणीकडे बोट दाखवतात, कारण तिच्यावर एक डाग आहे. मग ती मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. चीर दिसली की मुले गप्प होतात. ती शांतता मला फार मोलाची वाटते.

मित्रांनो, तुमच्याही हाती एक दिवस एखादे साधन येईल. त्याला मऊ हाताने धुवा, जागच्या जागी ठेवा, आणि त्याच्याकडून चूक होऊ शकते हे लक्षात असू द्या. रोजच तपासलेत तर उत्तमच. पण ज्या दिवशी उत्तर अगदी तुमच्या मनासारखे येईल, त्या दिवशी तर ते पुन्हा एकदा उजेडात धराच.