बर्फात बुडालेला बाळकृष्ण

"पत्थर है पत्थर! हाथ लगा के देखो!" खालच्या मजल्यावरचा दौलतसिंह ओरडला आणि आमच्या फ्रिजपुढे दाटलेली माणसं हात जोडून वाकली. शीतलनाथ महाराजांनी फ्रीझरमधून बासुंदीचा पसरट डबा काढून उलटा धरला होता. एक थेंब सांडला नाही.

"सकाळपासून वीज नव्हती हो," माझी भाचेसून शरयू गहिवरून सांगत होती. "बाहेर आग पडतेय, आणि आत बघा!"

"बिजली के साथ विज्ञान चला जाता है, माई. कृपा नहीं जाती," महाराज म्हणाले. मग त्यांनी डब्यातून चमचाभर बासुंदी खरवडली आणि सीमंतिनीच्या तोंडापुढे धरली.

सीमंतिनी ही शरयूची सून. गेल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस गेलेले, नवरा अभिराम नोकरीसाठी इंदूरला. महाराजांनी सांगून ठेवलं होतं की बाळंत होईपर्यंत दर गुरुवारी हा अक्षय प्रसाद घ्यायचा, मूल जगेल. एक गुरुवार चुकला तर जबाबदारी त्यांची नाही, आणि तोवर माहेरीही जायचं नाही.

मागच्या गुरुवारनंतर पोरगी दोन दिवस ओकत होती. शरयू म्हणाली, "पाप बाहेर पडतंय."

संध्याकाळी मी सीमंतिनीला म्हटलं, "नको म्हणून सांग की सरळ."

"कुणाला सांगू, आत्याआजी? उद्या काही झालं, तर मी चमचा नाकारला म्हणून झालं, असंच ऐकावं लागेल. जनमभर. घेतला तरी भीती, नाही घेतला तरी भीती. फँस गई हूँ मैं."

मी तिच्या सासऱ्याची, मधुसूदनची आत्या. माझ्या शब्दाला या घरात मान आहे, पण तो सुपारी-अक्षतांपुरता. डबा आठवडाभर आतच असायचा आणि फ्रीझर सोवळ्यात होता. महाराजांशिवाय कुणी उघडायचा नाही. उघडून बघणार कोण?

त्या दिवशी झोपाळ्यावर बसल्या बसल्या मला जुनं आठवत राहिलं. माझ्या लहानपणी शहराच्या लष्कर भागात फ्रिज कुठले? बाड्याच्या बाजारातून भुशात घोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. आम्ही भावंडं तिच्यावर नाणं ठेवायचो आणि ते बर्फात रुतत जाताना डोळे लावून बघायचो. आई मात्र बर्फ वितळला की दुधाचं भांडं मोरीत ओतायची. "गार होतं तोवर ठीक. आता कुणाला देऊ नका," म्हणायची.

पुढच्या गुरुवारी भरल्या घरात मी महाराजांना विचारलं, "वैशाख आहे. देवाला आपण चंदनाची उटी लावतो. आमच्या बाळकृष्णाला फ्रीझरात बर्फावर बसवलं तर?"

महाराज खूश झाले. "वाह आत्याजी! खुद ठाकुरजी प्रसाद की रखवाली करेंगे!"

काचेच्या वाटीत बर्फ गोठवून मी शेजारून आणला होता. त्यावर पितळेचा रांगता बाळकृष्ण ठेवला आणि वाटी महाराजांच्याच हातून आत ठेववली.

त्यानंतरच्या गुरुवारी पहाटेच वीज गेली. दुपारी महाराज जिन्यात आले, बेलचं बटण दाबलं, बेल वाजली नाही. दार उघडंच होतं, पण ते आत आले नाहीत. "मुहूर्त नाही" म्हणत खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसले. हे मी आधीही पाहिलं होतं, अर्थ आता लागला: बेल दाबून ते वीज आहे का ते बघत. वीज आल्यावर बऱ्याच वेळाने बेल वाजली. महाराज आत आले आणि नेहमीसारखी सगळ्यांना बसवून स्वयंपाकघराला आतून कडी लावली. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि जप. दिवस कलेपर्यंत जप. कुणी उठायचं नाही. घामाने निथळत, भिंतीला टेकून सीमंतिनी डोळे मिटून बसली होती.

शेवटी फ्रीझर उघडला. बासुंदी दगड! जयजयकार झाला.

"बाळकृष्णाला काढा," मी म्हणाले.

वाटीतला बर्फ वरून गुळगुळीत होता. वर काहीच नव्हतं. बाळकृष्ण वाटीच्या तळाशी आडवा पडून गोठला होता.

"लीला!" महाराज म्हणाले. "ठाकुरजी जलसमाधी में गए!"

"लीला नाही, महाराज. बर्फाचं पाणी झालं, म्हणून तो बुडाला. वीज आली, तुमचा जप चालला, तोवर पाणी पुन्हा गोठलं. वाटीचं पाणी झालं, तर शेजारच्या बासुंदीचं काय झालं असेल? ती या उन्हाळ्यात तासन्‌तास पातळ होऊन पडली होती. दर खेपेला तेच होतं."

कुजबुज सुरू झाली. दौलतसिंह वाटी हातात फिरवत राहिला.

"श्रद्धा नसलेल्यांना असंच दिसतं," महाराजांनी चमचा सीमंतिनीकडे वळवला.

"आज आधी तुम्ही घ्या," मी म्हणाले.

"आज हमारा उपवास है."

मग शरयूचा आवाज आला, अगदी हळू. "महाराज, बासुंदी उपासाला चालते."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, मग कडीकडे. शरयूनेच उठून कडी काढली. बाहेरच्या खोलीतली हवा आत आली. महाराज चपला शोधत असताना तिने डबा नळाखाली धरला, आणि सुनेला म्हणाली, "उठ गं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत. मग माहेरी जा."

एवढं घडल्यावर मी शेजारणींना एकच सांगते. थंडी जंतूंना झोपवते, मारत नाही. वीज गेली की फ्रीझरचं दार उघडू नका. पण दूध, खवा, रस्सा पातळ होऊन तसाच पडून राहिला असेल, तर नंतर तो कितीही टणक झाला तरी टाकून द्या. टणक म्हणजे ताजं नव्हे. आणि कुणी कडी लावून काही खायला घालू लागलं, तर आधी त्यालाच चमचा द्या.

आमचा बाळकृष्ण आजही फ्रीझरात बर्फावर बसतो. माहेरून परतल्यापासून सीमंतिनी रोज सकाळी दार उघडून आधी त्याच्याकडे बघते. तो वर दिसला, तर आम्ही आतलं खातो. तळाशी दिसला, तर टाकतो, आणि त्याला पुसून पुन्हा वर बसवतो.