दोन थेंब तेल

आमच्या दारापासून वळणापर्यंत रस्ता सपाट आहे आणि वळणानंतर एकदम उतार. उतार संपतो तो थेट मोठ्या चौकात, जिथून मालट्रक जातात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा खाली चौक नव्हता, नुसतं मैदान होतं. ह्यांच्या काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी तो उतार उतरायची. ब्रेक यथातथाच. हे दोन्ही चपला रस्त्याला घासत न्यायचे आणि मी डोळे मिटून त्यांचा शर्ट धरून बसायची. "पडलीस तर गवतात पडशील," म्हणायचे. ते गवत केव्हाच गेलं.

आमची लेक रोज त्याच उताराने कामावर जाते. तिच्या सायकलचा मागचा रबराचा ब्रेक ओल्या रस्त्यावर धरेनासा झाला होता आणि अशा उतारावर पुढचा एकटा जोरात दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून तिने मागे डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं. सायकलला त्याची जागा होतीच. चकतीवालं चाक तेवढं नवं आणलं.

रविवारी दुपारी बापलेकीने पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली आणि सायकल उलटी केली. आमचे हे जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त करत आले. पाना हातात आला की त्यांचं वय कमी होतं.

"बाबा, शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे स्क्रू आवळा. नाहीतर चकती वाकते."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून स्क्रू आवळतोय मी."

"माहितीये. तुम्ही आवळलेली लोणच्याची बरणी आईला अजून उघडता आलेली नाही."

मग चकतीला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर बसला. चकती त्याच्या दोन पॅडच्या बरोबर मधून फिरायला हवी, म्हणून लेकीने ब्रेक दाबून धरला आणि ह्यांनी बोल्ट घट्ट केले. चाक फिरवलं तर किर्र आवाज.

"नवीन पॅड आहेत, ओरडणारच," लेक म्हणाली. "हे घासतात म्हणून तर चाक थांबतं. आणि ऐका दोघं, या चकतीला बोटसुद्धा लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन निघाली. मी दारातून हात केला आणि खोली झाडायला घेतली. सायकल जिथे उभी होती, तिथे फरशीवर तेलाचा ठिपका होता. खिडकीत ह्यांची लांब नळीची तेलाची कुपी.

"अहो, हे तेल कसलं?"

"चाकाचं. कालपासून किरकिरत होतं ना, दोन थेंब सोडले चकतीवर. अगदी गुणी बाळासारखं गप्प झालं. तिला सांगितलं नाही, कळेल आपोआप."

"चकतीवर? अहो, बोटसुद्धा लावू नका म्हणाली होती ती."

"मग मी कुठे बोट लावलं? नळीने सोडले."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. या माणसाने उभ्या आयुष्यात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल पाजलं. दारं, कात्र्या, पंखे, शेजाऱ्यांची फाटकं. कुरकुर म्हणजे तेल, हे त्यांच्या रक्तात. "ते घासलं तरच चाक थांबतं," एवढंच मी म्हणाले. ह्यांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. मग त्यांनी तो ठेवला, तोही बशीच्या बाहेर.

फोन लावला. वाजत राहिला. सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही, ही शपथ मीच तिला घातलेली.

आम्ही दाराला कडीसुद्धा न लावता निघालो. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी ते कुठे होते कोण जाणे. हे माझ्या पुढे, पायात घरातल्या सपाता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "सकाळी सकाळी जोडीने कुठे?" मी नुसता हात हलवून पुढे निघाले. ह्यांना तर ऐकूच गेलं नाही.

वळणावर आलो आणि खालून ट्रकचा भोंगा आला. लांब, थांबेचना. चौकात माणसं जमलेली दिसत होती. भिंतीला धरून मी एकेकाचे चेहरे बघू लागले, इतक्या लांबून चेहरे दिसत नाहीत हे कळत असूनही. मग बस आली, ती सगळी माणसं तिच्यात चढली आणि चौक मोकळा झाला. रस्त्यावर काही पडलेलं नव्हतं. तरी हे तिकडेच बघत होते. "निळा शर्ट होता ना तिचा?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. सकाळी मी तिच्याकडे बघून हात केला होता आणि शर्टाचा रंग मला आठवेना.

"आई?"

उताराच्या मध्यावर, कुंपणाच्या झुडपांतून ती उभी राहिली. शर्ट पिवळा. आम्ही तिच्यापाशी उतरलो. कोपर सोललेलं, केसांत पानं, सायकल आडवी.

"वळणावर मागचा ब्रेक दाबला तर नुसता सुळकन सरकला," ती म्हणाली. "पुढचा जपून दाबत आले, पण वेग आवरेना. मग म्हटलं, खाली ट्रकपेक्षा इथे झुडपं बरी." तिने चकतीकडे पाहिलं, तेलाचा वास घेतला आणि बापाकडे पाहिलं.

हे म्हणाले, "बोल मला."

"काय बोलू? पॅड फेकून द्यावे लागतील. चकती स्पिरिटने पुसू. घरी चला आधी, सपाता घालून आलात तुम्ही."

मी तिच्या कोपराला पदर लावला. ह्यांनी सायकल उचलून उभी केली, ती कुणाला देईनात. आम्ही तिघं चढ चढू लागलो, पण सायकल काही पुढे सरकेना. पुढचं चाक अडून बसलेलं आणि हे ती जोर लावून फरफटत नेत होते, घामाघूम.

लेकीने हँडलवरच्या त्यांच्या मुठीवर हात ठेवला.

"बाबा, ब्रेक सोडा. चढ आहे हा."

"हो," ते म्हणाले. मूठ मात्र सुटली नाही.