जास्तीचे आठ दगड

मित्रांनो, मी एक जुनी शीर आहे. टाचेच्या मागे जरा हात लावून पाहा. तिथं दोरीसारखं ताठ लागतं ना, तीच मी. तुमच्याकडे मला धोंडशीर म्हणतात. माझा मालक तोशतेमिर, बायसूनच्या डोंगरातला पैलवान. त्याच्या उजव्या पायाची पोटरी टाचेशी बांधून ठेवणं हे माझं काम. जोर पोटरी लावते, तो टाचेपर्यंत पोचवते मी, आणि नाव होतं पोटरीचं. जगाची रीतच आहे ती.

तोशतेमिर अठरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या मामानं, एशकोबिलनं, त्याच्या खांद्यावर खुर्जी, म्हणजे दुतोंडी झोळी, टाकली. तीत ओढ्यातला एक दगड होता, दोन मुठींएवढा. ती घेऊन रोज खिंडीपर्यंत चढायचं, शुक्रवारी विसावा घ्यायचा आणि नवा चंद्र दिसला की आणखी एक दगड टाकायचा. ही रीत मामाच्या वडिलांची. "दगड हलका वाटला, तरी चंद्राची वाट बघायची," असं म्हातारा सांगून गेला होता.

का बघायची, ते त्यानं सांगितलं नव्हतं. मला विचारा. पोटरीत रक्त भरपूर खेळतं. ओझं पडलं की थोड्याच आठवड्यांत ती ताकद दाखवू लागते. माझ्याकडे रक्त येतं ते पाझरत. चढताना माझे धागे ताणले जातात, विसाव्यात नवे विणले जातात आणि ते पक्के व्हायला महिने लागतात. म्हातारा चंद्राची वाट बघायला लावायचा, ती माझ्यासाठी.

वीस महिन्यांत वीस दगड झाले. मीही जाड आणि चिवट झाले होते, पण चायखान्यात थापा पडायच्या त्या पोटरीवर. "अरे, हा पाय आहे की तुतीचा बुंधा?" लोक विचारायचे. पोटरी फुगायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

गावच्या वडीलधाऱ्याच्या नातवाचं लग्न पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर ठरलं होतं. लग्नात कुस्त्या होणार होत्या आणि दरबंद गावचा नोर्कुल उतरणार होता. त्याच्या बापानं वीस वर्षांपूर्वी मामाला भर मांडवात आडवा केला होता. ती सल मामानं तेव्हापासून जपली होती. पण नवऱ्या मुलाच्या आजोबांनी अंथरूण धरलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून लग्न नवरोजवर, वसंतातल्या सणावर, आणलं. आठ महिने कमी झाले.

मामानं त्याच दिवशी खुर्जीत आठ दगड टाकले.

"मामा, आठ? एकदम?"

"मग गेलेले आठ महिने आणू कुठून? चालून बघ. जड वाटतात का?"

तोशतेमिर अंगणात चार फेऱ्या मारून आला. "नाही. हलकेच वाटतात की!"

"झालं तर! आमचे बाबा चंद्र बघत बघतच म्हातारे झाले."

शुक्रवारचा विसावाही गेला. मी विणायला घेतलेलं दुसऱ्या दिवशी उसवू लागलं. पंधरवड्यात मी सुजले. सकाळी तर मला हलताच यायचं नाही. चार पावलं टाकली की जरा सैल व्हायचे आणि तोशतेमिरला वाटायचं, बरं झालं. तो गुपचूप मेंढीच्या शेपटीची गरम चरबी लावायचा. मला ऊब नको होती, सवड हवी होती.

त्याच्या आईनं, ओयसूलुवनं, मात्र एके सकाळी बरोबर हेरलं. ती उंबऱ्यात उभी होती, हातात गरम नान.

"तोश, जिना आडवा का उतरतोस रे?"

"झोप उडाली नाही अजून, आई."

"झोप डोळ्यात असते. पायात कधीपासून यायला लागली?"

तो हसला आणि खुर्जी उचलून निघून गेला.

नवरोजला सगळा माळ माणसांनी भरला. आमच्याकडे कुस्ती एकमेकांचा कमरपट्टा धरून होते आणि पैलवानाचा पट्टा घरचा वडीलधारा बांधतो. गाठ पडेपर्यंत माघार घेता येते. नंतर घेतली तर कमीपणा येतो तो बांधणाऱ्याला. मामा गाठ मारताना थांबला.

"पाय ठीक ना रे?"

तोशतेमिरनं मामाच्या तोंडाकडे पाहिलं. वीस वर्षांची आस होती तिथं. "ठीक आहे, मामा. बांधा."

नोर्कुलला उचलायला त्यानं उजव्या पायावर भार घेतला. पोटरीनं सगळी ताकद लावली. मी तुटले. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. लाथ कुणी मारली, म्हणून तोशतेमिरनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. नोर्कुलनं धरलेला पट्टा सोडून दिला आणि बक्षिसाच्या मेंढ्याला हातसुद्धा लावला नाही.

हाडवैद्यानं पाऊल सपाट ठेवून पट्ट्या आवळल्या. माझी टोकं एकमेकांपासून लांब राहिली आणि मधल्या फटीत मी कशीबशी जुळले. लांब, ढिली. मिरवणारी पोटरी दोन महिन्यांत काटकुळी झाली. आता मला तिचा राग येत नाही.

मामा तेव्हापासून दर नव्या चंद्राला खुर्जीतला एक दगड ओढ्यात टाकून यायचा. आठवा टाकून आला आणि तोशतेमिरसमोर बसला.

"आता बरोबर वीस आहेत. ऊठ बघू. चवड्यावर उभा राहा."

तोशतेमिरनं भिंत धरली. पोटरीनं जीव तोडून ओढलं. मी ढिलीच. टाच जमिनीवरून नखभरही सुटली नाही. मामा त्या टाचेकडे बघत राहिला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "बस बाळा, बस."

मित्रांनो, ओझी उचला. ओझ्यावाचून मीही कच्चीच राहते. पण दगड हलका वाटतो तो पोटरीला. ओझं माझ्या गतीनं वाढवा, आणि दुखलं तर घरात सांगा. सांगायला तोशतेमिरला फार लांब जावं लागलं नसतं. आई उंबऱ्यातच उभी होती.