मामाची कोरडी पार्टी

टिकलीच्या मामाने वीस वर्षं बारमध्ये डीजेगिरी केली, पण माणसं आपल्या गाण्यांवर नाचतात की पोटातल्या पेल्यांवर, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. विचारणार तरी कुणाला? शुद्धीत असायचा फक्त वेटर, आणि त्याला नाचायची मुभा नव्हती.

आता बारच ओस पडायला लागले होते. आणि भाचीने पार्टीत गाणी लावायला बोलावलं ते कुठे, तर बेकरीत! सकाळी साडेसहाला! प्यायला काय, तर कॉफी.

"कुणीच पीत नाही?"

"आमच्या लाडक्या गायिकेने दारू सोडली ना! आता स्टेजवर काय उड्या मारते, बघ तरी."

"आमच्या वेळचा गाण्यातला हीरो बाटली फोडल्याशिवाय स्टेजवरून उतरत नसे."

"फोडल्यावर तरी स्वतःच्या पायांनी उतरायचा का रे?"

त्या हीरोसारखंच लेदरचं जाकीट घालून मामा भट्टीशेजारी उभा होता, आणि जाकिटाच्या आत त्याचाच पाव भाजून निघत होता.

ऑफिसच्या कपड्यांतली साठेक पोरं जमली. मामाने शिरस्त्याप्रमाणे संथ गाणी लावली. बारचा नियमच तसा: पहिला तास मवाळ, दुसऱ्या पेल्यानंतर जरा ठेका, तिसऱ्यानंतर हुकमी एक्का. पंधरा मिनिटं पोरं नुसती कॉफीवर फुंकर मारत उभी.

"अहो डीजे," बेकरीवाले काका म्हणाले, "माझं पीठसुद्धा याहून लवकर वर येतं!"

टिकली धावत आली. "मामा, कसली वाट बघतोयस?"

"अंगात जरा भिनू दे की."

"काय भिनू दे, कॉफी? साडेआठला ऑफिस आहे माझं! नाचायलाच आलोय, लाव ना!"

शुद्धीतल्या माणसांपुढे मामाने हुकमी एक्का जन्मात टाकला नव्हता. नाही नाचली पोरं, तर? म्हणजे वीस वर्षांचं सगळं श्रेय बाटलीचं! डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

पहिल्याच ठोक्याला पोरं अशी उसळली, की ट्रेमधले पाव टुणटुण उडायला लागले. काकांनी टाळी वाजवली आणि पिठाच्या धुरळ्यात स्वतःच दिसेनासे झाले. टिकलीने मामाचा हात धरून ओढला.

"अगं, मी कोरडा कधी नाचलो नाहीये!"

"मग घामाने भिज!"

आधी त्याला आपले हातपाय उसने आणल्यासारखे वाटले. मग जाकीट निघालं, मग लाज निघाली. शेवटी तर तो मधोमध भोवऱ्यासारखा फिरत होता.

आणि गाणं संपलं. पुढचं लावणारा तर गिरक्या घेतोय!

बारमध्ये गाणं थांबलेलं कुणाच्या लक्षात यायला मिनिटभर जायचं. इथे साठ माना गर्रकन त्याच्याकडे वळल्या.

"मामा, गाणं!"

"अरे, म्हणजे ऐकत होतात की काय तुम्ही!" असं ओरडत, गुडघ्यापर्यंत पिठाने पांढरा झालेला मामा टेबलाकडे पळत सुटला.