खुडूक कोंबडीमागचा मदरबोर्ड

मंगळवार, ८ एप्रिल २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. कळंबच्या गेणभाऊंच्या भंगार गोदामात तोपर्यंत मी एकेचाळीस मदरबोर्ड तपासले होते आणि त्यांतला एकही माझ्या उपयोगाचा नव्हता.

मला हवा होता तीस वर्षांपूर्वीच्या घडणीचा बोर्ड. त्या काळच्या बोर्डांवर बोटभर रुंदीच्या लांब काळ्या खाचा असत. पुढे त्या आखूड झाल्या, पांढऱ्या झाल्या आणि शेवटी नाहीशा झाल्या. पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे तसा बोर्ड होता. परंतु तो अठरा हजार सांगत होता, शिवाय पोहोचायला दहा दिवस. माझ्याकडे चार दिवस होते.

“नाना, एवढा मोठा ढीग हाय, यातला कुठलाबी उचला की राव,” गेणभाऊ म्हणाले. “चाळीस रुपये किलो. तुमाला पस्तीस.”

“गेणभाऊ, बैलाच्या जागी रेडा जुंपता येतो का?”

“गाडा हलतो की.”

“हलतो. पण घाटात पळत नाही.”

गेणभाऊ हसले आणि त्यांनी चहा मागवला.

चार दिवसांचे कारण असे. आमच्या गावची यात्रा चैत्र पौर्णिमेची, म्हणजे त्या शनिवारी होती. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती असतात. आमच्याकडे गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. चढाच्या घाटातून एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची लढत घड्याळाशी असते. बारा सेकंदांच्या आत निशाण गाठले तर पहिला नंबर, त्यापुढे तेरापर्यंत दुसरा. त्यामुळे सेकंदाच्या शंभराव्या भागावरही माणसे वर्षभर अबोला धरतात.

ते घड्याळ मी १९९४ साली बनवले. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी तेव्हा साखर कारखान्यात वजनकाट्यांची दुरुस्ती पाहत होतो. घाटाच्या तळाशी एक प्रकाशझोत, निशाणापाशी दुसरा. बैलांनी पहिला झोत तोडला की मोजणी सुरू, दुसरा तोडला की बंद. दोन्हींच्या तारा मी हाताने जोडलेल्या एका कार्डात येतात आणि ते कार्ड जुन्या संगणकाच्या त्या लांब काळ्या खाचेतच बसते. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत घड्याळ यात्रा कमिटीच्या खोलीत पडून राहिले. बोर्डावरची बॅटरी हळूहळू गळली आणि तिने तांब्याच्या रेषा खाल्ल्या. बंदी उठल्यावर दोन यात्रा मी ठिगळे लावून काढल्या. गेल्या वर्षी ते ऐन घाटात बंद पडले.

मग दोन पंच हातातली, अंगठ्याने कळ दाबायची घड्याळे घेऊन उभे राहिले. अवसरी बुद्रुकच्या साळुबाईंचा गाडा आला तेव्हा एकाच्या घड्याळात अकरा सेकंद शहाण्णव आले, दुसऱ्याच्या घड्याळात बारा सेकंद आठ. पंचांनी मोठा आकडा धरला आणि गाडा दुसऱ्या नंबरात गेला.

साळुबाई या वर्षी पाडव्यानंतर माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही.

“नाना, यंदा घड्याळ हाय का अंगठा हाय?”

“प्रयत्न चालू आहे, साळुबाई.”

“परयत्न न्हाई इचारला मी. हरण्या बारा वर्साचा झाला. घरच्या गाईचा खोंड, माझ्या हातचं पेंड खाऊन वाढला. पुढल्या साली त्यो दावणीलाच. एकदा पयल्या नंबरात त्याचं नाव पुकारलेलं मला ऐकायचंय. पळला न्हाई तर त्याचा दोष. पन अंगठ्यापुढं मी त्याला पळवनार न्हाई, सांगून ठिवते.”

त्या गेल्यावर माझी पुतणी आरती घरातून बाहेर आली. ती इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता आहे आणि हडपसरला नोकरी करते; यात्रेसाठी आठ दिवसांची रजा घेऊन आली होती. तिने काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे, नवे घड्याळ बनवून तयार ठेवले होते. ते उत्तम होते. अडचण नियमाची होती. कोणतेही नवे घड्याळ आधी एक पूर्ण यात्रा जुन्या घड्याळाच्या शेजारी चालवून दाखवायचे, दोघांत दोन शतांश सेकंदांहून अधिक फरक पडता कामा नये, आणि मगच ते ग्राह्य धरायचे, असा ठराव कमिटीच्या वहीत आहे. हातातले घड्याळ या कामी चालत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

“नाना, हा ठराव कुणी लिहिला?” तिने विचारले.

“मी.”

“छान. म्हणजे माझं घड्याळ यायला तुमचं चाललं पाहिजे, आणि तुमचं चाललं तर माझं हवंय कुणाला?”

ठराव मात्र योग्यच होता.

तर गेणभाऊंकडचा चहा संपत आला तेव्हा मी सहज विचारले, “या बोर्डांच्या पेट्या कुठे गेल्या?”

“पत्रा येगळा इकतो. हां, पन होळीच्या आधी एका शाळेचं जुनं सामान आलं व्हतं. त्यातल्या सात उभ्या पेट्या घोडेगावच्या बाजारात धोंडाबाईनं नेल्या. आहुप्याकडची हाय. म्हनली, कोंबड्यांना बऱ्या.”

“रिकाम्या होत्या?”

“चार रिकाम्या केल्या. बाकीच्यांत बोर्डाचे इस्क्रू गंजल्याले. म्हनलं, कोंबडीला काय करायचंय?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

बुधवारी सकाळी सात वाजता आरतीच्या गाडीने आम्ही निघालो. डिंभे धरण मागे टाकले तेव्हा पाणी बरेच खाली गेले होते. पुढे वळणावळणाचा चढ लागला. वाडीत पोहोचलो तेव्हा धोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, आणि बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत.

“काँप्युटर बघाया आलाय?” त्यांनी सूप थांबवले. “या की. सातबी चालू हायेत. रोज अंडी देत्यात.”

आरतीला हसू आवरेना.

पडवीत सात पेट्या ओळीने उभ्या होत्या. कोंबड्यांच्या बांबूच्या डालीत मुंगूस शिरायचे, पत्र्यात त्याचे दात चालत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. प्रत्येक पेटीची डावी बाजू उघडी, तिला गोणपाटाचा पडदा, आत भाताचा पेंढा. मी विजेरी पेटवून एकेक पेटी पाहिली. पहिल्या चार रिकाम्या. पाचवीत आणि सहावीत बोर्ड होते, पण पांढऱ्या खाचांचे. सातवीचा पडदा उचलला आणि आतून माझ्या मनगटावर चोच बसली.

तांबूस रंगाची कोंबडी पिसे फुलवून बसली होती. तिच्या पाठीमागे, उजव्या भिंतीला, धुळीने माखलेला बोर्ड होता. त्यावर लांब काळ्या खाचा. एक, दोन, तीन. बॅटरीही नाण्यासारखी चपटी, न गळणारी. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तरीही त्या क्षणी मी पडवीत चक्क टाळी वाजवली.

“अवो, हळू!” धोंडाबाई धावत आल्या. “खुडूक हाय ती. अकरा अंड्यांवर बसवलीय.”

“मला तिच्या मागचा बोर्ड हवा आहे.”

“मंगळवारी या. पिल्लं निघाली की सगळी पेटीच न्या.”

“यात्रा शनिवारी आहे.”

“मग यात्रेला सांगा थांबायला. कोंबडी काय तुमच्या कमिटीत हाय व्हय?”

मी त्यांना घाट, घड्याळ आणि हरण्याची हकीकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. हरण्या घरच्या गाईचा, हे ऐकल्यावर त्यांनी विचारले, “बाई सोता चारती त्याला?”

“स्वतः.”

त्या पेटीला वळसा घालून मागे गेल्या. “हिला उजेड दिसला की उठती. एकदा उठली की अंडी गार. उजेड दिसू न देता काढता यील?”

प्रश्न अचूक होता. मी पेटी बाहेरून तपासली. त्या जुन्या पेट्यांत बोर्ड एका सुट्या पत्र्यावर बसवलेला असे आणि तो पत्रा बाहेरच्या बाजूने सहा स्क्रूंनी धरलेला असे. म्हणजे आत हात न घालता अख्खी उजवी भिंतच निघणार होती. उरला उजेड. धोंडाबाईंनी घरातून पाटाची फळी आणली आणि पेटीवर घोंगडी टाकली.

“तुमी पत्रा मागं वढा, मी पुढून फळी सारते. बोटभर वढायचा, बोटभर सारायची. घाई करायची न्हाई.”

गंजलेल्या स्क्रूंना मी खोबरेल तेल सोडले आणि वीस मिनिटे थांबलो. पाच सुटले. सहाव्याचे डोके झिजलेले होते. तो आरतीने पकडीने फिरवला. मग धोंडाबाई आणि मी घोंगडीखाली डोकी घालून कामाला लागलो. मी बोटभर ओढला, त्यांनी बोटभर सारली. कोंबडी आतून कुरकुरत होती आणि धोंडाबाई तिला समजावत होत्या, “बस गं बाय, घर सारवत्यात तुझं. बस.” अर्ध्यावर तिने फटीतून मला तीन चोची मारल्या. पत्रा पुरता बाहेर आला तेव्हा फळी जागेवर होती आणि कोंबडी अंड्यांवर.

“किती द्यायचे?” मी विचारले.

“पैशाचं काय घिऊन बसलाय? ह्या सात पेट्यांना दारं नाय. गोणपाट मांजर सारतं. तुमी शिकल्याली मान्सं, बसवा.”

गाडीत हत्यारांची पेटी होती. पेट्यांच्या डाव्या बाजूचे काढलेले पत्रे पडवीच्या कोपऱ्यात होते. दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही सहा पेट्यांना बिजागरी आणि कडी असलेली दारे बसवली. सातवीचे दार आरतीने नुसते टेकवून ठेवले, कारण तिथे ठोकाठोकीला बंदी होती. जेवायला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. इतक्या चविष्ट मोबदल्यात मी आजवर कोणतेही काम केलेले नाही.

गुरुवारी बोर्ड साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतला. शेजारच्या संपतने कुंपणावरून हे पाहिले आणि त्याच्या हातातली बादली तशीच राहिली.

“नाना, काँप्युटर धुत्यात?”

“धुतात. पण पुरता वाळल्याशिवाय वीज देत नाहीत.”

दिवसभर उन्हात, मग पंख्याखाली. शुक्रवारी सकाळी वीज दिली तेव्हा तीन लांब शिट्ट्या आल्या आणि पडदा काळाच राहिला. आरतीचा चेहरा उतरला. मला मात्र धीर आला. तक्रार करणारा बोर्ड जिवंत असतो. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी काठ खोडरबराने घासले आणि पुन्हा बसवल्या. या वेळी एकच छोटी शिट्टी आली. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. कार्ड खाचेत बसवले, दोन्ही तारा जोडल्या आणि अंगणात आरतीला दोन्ही झोतांमधून चालायला लावले. आकडे पळाले आणि थांबले.

“नाना, मी पहिल्या नंबरात आहे का?”

“तू तेविसाव्या सेकंदात आहेस.”

शनिवारी घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूस माणसाला लागून उभा होता. घड्याळाच्या पेटीपुढे नारळ फुटला. शेजारी आरतीचे छोटे घड्याळ ठरावाप्रमाणे मांडले होते. दुपारपर्यंत चौसष्ट गाडे पळाले आणि दोन्ही घड्याळांत कुठेही दोन शतांशांहून अधिक फरक पडला नाही. हे मी कमिटीच्या वहीत सहीसह नोंदवले.

पासष्टावा गाडा साळुबाईंचा. त्या निशाणापाशी येऊन उभ्या राहिल्या. घाटाकडे त्यांची पाठ होती.

“बघणार नाही?” मी विचारले.

“तुमचं मशीन बघतंय न्हवं? मग मी कशाला बघू?”

खाली आरोळी उठली. पुढे, झोताच्या बाहेरून पळणारी स्वाराची घोडी, मागे बैलांच्या दोन जोड्या, आणि पुढच्या जोडीत उजव्या अंगाला हरण्या, मान खाली, शेपूट वर. भंडारा उधळला गेला आणि पिवळ्या धुळीतून गाडा निशाण ओलांडून गेला. पडद्यावर आकडे थांबले. मी चष्मा पुसला, आकडा वाचला, आरतीच्या घड्याळाशी ताडून पाहिला आणि चिठ्ठी निवेदकाकडे दिली. साळुबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

निवेदकाने आधी हरण्याचे नाव घेतले, मग अवसरी बुद्रुकचे, मग साळुबाईंचे. त्यानंतर आकडा पुकारला.

अकरा सेकंद एक्क्याऐंशी.